‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ : वर्गीकरणाचा वाद आणि आपली भाषा

१ ऑगस्ट २०२४. सकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अण्णा भाऊ साठे यांची जयंती झाली. हार, दोन भाषणे, मुलांना वह्या, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. फोटोत माझ्या शेजारी अभ्यासिका सांभाळणारा आमचा सहकारी उभा आहे. मातंग समाजातला, घरातला पहिला पदवीधर, पोलीस भरतीची तयारी करणारा. अभ्यासिकेची किल्ली त्याच्याकडे असते, कारण पहाटे पाचला दार उघडणारा तोच.

त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल, असे सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले. २००४ चा चिन्नय्या खटल्यातला निकाल रद्द झाला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक ग्रुपवर तोच विषय. रात्री मीही लिहिले. आम्ही गावकीची कामे सोडली, मेलेली जनावरे ओढणे सोडले, बाबासाहेबांच्या शब्दावर धर्म बदलला, उपाशी राहून पोरे शिकवली. तेव्हा तुम्ही कुठे होता? आता तयार ताटावर हक्क सांगायला आलात! असा एकूण मजकूर. तासाभरात दोनशेवर लाईक आले. खाली ‘ताई, सणसणीत’, ‘ताई, चपराक’. मला बरे वाटले, हे लपवत नाही.

सकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडलेला दिसला. तिसऱ्या दिवशी अभ्यासिकेत येऊन त्याने टेबलावर किल्ली ठेवली.

“अरे, ती पोस्ट तुझ्याबद्दल नव्हती,” मी म्हणाले.

“मग कोणाबद्दल होती, ताई?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पोस्ट काढून टाकली, पण तोवर स्क्रीनशॉट तीन तालुक्यांत फिरला होता.

मित्रांनो, ‘तयार ताट’ हा शब्द माझा नव्हता. एम.ए.ला असताना शिष्यवृत्तीच्या रांगेत मागून कोणीतरी तो आमच्यासाठी वापरला होता. ‘आमच्या बापजाद्यांनी कष्ट केले, तुम्ही तयार ताटावर आलात.’ त्या दिवशी मी वसतिगृहावर येऊन रडले होते. मेरिटचा युक्तिवाद म्हणजे दुसरे काय असते? जो पुढे गेला त्याने आपल्या पुढे जाण्याचे श्रेय घ्यायचे आणि मागे राहिलेल्याला त्याच्या मागे राहण्याचा दोष द्यायचा. त्याच युक्तिवादावर मी निळा रंग चढवला आणि खाली ‘जय भीम’ लिहिले.

पोस्ट इतिहास म्हणूनही खोटी होती. ‘तेव्हा तुम्ही कुठे होता’ याचे उत्तर मला शाळेपासून माहीत होते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे मातंग समाजातली होती, फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची. दुःख लिहिताना तिने दोन्ही जातींची नावे एकत्र घेतली. अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगावी आपली घरे पेटवली गेली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. तेही मातंग. बाबासाहेबांच्या नावासाठी जीव गेला त्यांचा. आपण दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जातो, पोचीरामांना अभिवादन करतो, आणि ऑगस्टमध्ये विचारतो, तुम्ही कुठे होता?

यावर लगेच एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भाषा सांभाळा, सौम्य बोला, हे आपल्याला आजवर कोणी सांगितले? ज्यांच्या हातात काठी होती त्यांनी. खैरलांजी झाले तेव्हा मोठ्या माध्यमांनी कित्येक आठवडे दखल घेतली नाही. आपली माणसे संतापून लिहीत, बोलत, रस्त्यावर आली म्हणून ते प्रकरण दबले नाही. तेव्हाही उपदेश आपल्यालाच होता की संयम ठेवा. त्यामुळे ‘सभ्य संवाद’ म्हटले की आपल्या तरुणांच्या कपाळावर आठी पडते, आणि पडायलाच हवी. ‘मवाळ’ या शब्दाचाही आपल्याला लळा नाही. जहाल आणि मवाळ हे भांडण आपल्या घरातले नव्हतेच. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसमध्ये सामाजिक परिषदेला मंडप मिळू नये म्हणून जहालांनी दंड थोपटले आणि मवाळांनी मंडप सोडून दिला. अस्पृश्यांचा प्रश्न दोघांच्याही यादीत खालीच.

म्हणून मी मवाळ व्हा असे म्हणत नाही. कडक शब्दाला माझी हरकत नाही. तो शब्द कोणाकडे तोंड करून बोलला जातो आणि त्याच्या पोटात काही युक्तिवाद आहे की नाही, एवढेच मला बघायचे आहे.

राजा ढालेंचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आठवा. १९७२ च्या ‘साधना’च्या अंकात तो छापून आला आणि राष्ट्रध्वजाबद्दलच्या वाक्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. भाषा जहरी होती यात शंका नाही. पण तिच्या पोटात एक तुलना होती: ध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूला पन्नास. ज्यांना भाषा झोंबली त्यांच्याकडे या हिशेबाचे उत्तर नव्हते. ढालेंचा रोख सत्तेकडे होता. माझी पोस्ट काढली तर तिच्या पोटात काय सापडते? हिशेब नाही, कायद्यातला मुद्दा नाही, आणि रोख माझ्याहून एक पायरी खाली उभ्या असलेल्या माणसाकडे.

‘चमचा’ या शब्दाचेही असेच झाले. कांशीराम साहेबांनी १९८२ साली, पुणे कराराला पन्नास वर्षे होताना, या एका शब्दावर अख्खे पुस्तक लिहिले. स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि संयुक्त मतदारसंघ आला, म्हणजे आपला प्रतिनिधी दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येणार. मग तो आपला कसा राहील, हा त्यातला प्रश्न. चमच्यांचे प्रकार पाडले, कारणे दिली. कोणाला पटो न पटो, तो राजकीय सिद्धांत होता. आज वंचितला मत देणारा काँग्रेसला मत देणाऱ्याला चमचा म्हणतो, तो उलट ‘बी टीम’ म्हणतो, बसपवाला दोघांनाही दलाल म्हणतो. सिद्धांत कुठल्या कुठे गेला, शिवी उरली. २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत आपण एकमेकांना जितके लिहिले त्याच्या निम्मे जरी मतदार याद्या तपासण्यात घालवले असते तर... असो, तो वेगळा लेख होईल.

बाबासाहेब भांडत नव्हते का? त्यांच्याइतके भांडलेले कोण आहे? पण कसे भांडत होते ते पाहा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणातला काही भाग गाळायला सांगितला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली तरी चालेल म्हणाले, आणि ती झालीच. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. इतपत आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुढचे आपण सांगत नाही. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख छापले आणि मग आपले उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकाच्या हातात देऊन! त्यातले सोयीचे एक वाक्य कापून खाली हसण्याचे चित्र लावले नाही. उत्तर काही सौम्य नाही, गांधीजींची सालटी काढली आहेत त्यात. पण वाचकाला दोन्ही बाजू वाचून न्याय करता येतो. आपल्यापैकी कितीजण समोरच्याचा पूर्ण मजकूर आपल्या भिंतीवर लावून मग उत्तर देतात? मी एकदाही दिले नव्हते.

स्वल्पविराम न बदलणारा माणूस विरोधकाला पूर्ण जागा देतो, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याला आपल्या युक्तिवादावर विश्वास आहे त्यालाच हे परवडते. आणि जेव्हा जोडायचे होते तेव्हा त्याच माणसाने वेगळा सूर लावला. १७ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत, ज्या काँग्रेसशी उभा जन्म लढले तिच्याच बाकांसमोर त्यांनी सांगितले की लोकांना घाबरवणारे शब्द आणि घोषणा आता बाजूला ठेवू, सोबत यायला तयार नसलेल्यांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत देऊ, म्हणजे ते आपल्याबरोबर चालतील. ते भाषण ऐकून विरोधकही चकित झाले. मातंग तरुण तर आपले विरोधकही नाहीत. त्यांच्या पूर्वग्रहाला सवलत देण्याचा प्रश्नच नाही. आधी आपल्या पूर्वग्रहाची बेरीज मांडली तरी पुरे.

आपण बौद्ध म्हणवतो. पंचशीलातले चौथे शील रोज म्हणतो आणि ते फक्त खोटे न बोलण्याबद्दल आहे असे समजून पुढे जातो. सम्यक वाचेत खोट्याबरोबर चहाडी, कठोर वचन आणि वायफळ बडबडही वर्ज्य आहे. मग ढालेंचे काय, बाबासाहेबांच्या उत्तराचे काय? तेही कठोरच ना? मज्झिम निकायात अभय राजकुमाराची गोष्ट आहे, ती इथे उपयोगी पडते. निगंठ नातपुत्ताने अभयला बुद्धाकडे पेच घेऊन पाठवले: तथागत दुसऱ्याला न आवडणारे बोलतात का? हो म्हणाले तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय, नाही म्हणाले तर देवदत्ताबद्दल कडू का बोलले? अभयच्या मांडीवर लहान मूल होते. बुद्धाने विचारले, या बाळाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. मग बुद्धाने निकष सांगितला. बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का, आणि बोलण्याची वेळ ती आहे का. ऐकणाऱ्याला आवडेल की नाही हा निकष त्यात नाही.

माझी पोस्ट या तिन्हींवर नापास. खरी नव्हती, ते वर लिहिले. हिताची कोणाच्या? वेळ तर काय, अण्णा भाऊंच्या जयंतीची रात्र.

मूळ विषयाबद्दल माझे मत काय, तेही सांगते, नाहीतर ‘ताई पलटली’ एवढेच पसरेल. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के. निकालात न्यायालयाने म्हटले आहे की वर्गीकरण करायचे तर मागासलेपणाचा मोजता येणारा आधार हवा. सरकारच्या राजकीय सोयीने ते करता येणार नाही. सरकारी सेवेत ५९ पैकी कोणत्या जातीचे किती जण, कोणत्या वर्गाच्या पदावर, हे जाहीर झाल्याशिवाय वाटणी करू नये असे माझे मत आहे. दुसरे, जागाच भरल्या जात नसतील तर वाटणार काय? सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता; आपण सगळे रस्त्यावर आलो म्हणून ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तिसरे, निकालातल्या काही न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींना क्रिमी लेयर लावण्याची भाषा केली, ती मला अजिबात मान्य नाही. अस्पृश्यता पगार बघून थांबत नाही.

इथे जरा थांबून एक बोचरी आठवण. क्रिमी लेयरच्या बाजूने लिहिणाऱ्यांत न्या. भूषण गवई होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल काय काय लिहिले गेले ते इथे छापण्यासारखे नाही. ६ ऑक्टोबर २०२५ ला, ते सरन्यायाधीश असताना, भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न केला. त्यांनी विचलित न होता कामकाज चालू ठेवले. त्या रात्री त्याच ग्रुपवर त्याच फोनांच्या डीपीवर त्यांचा फोटो. निवृत्तीच्या तोंडावरही त्यांनी क्रिमी लेयरचे मत सोडले नव्हते. माणूस तोच, मतही तेच. आपल्याला एकाच वेळी ‘मत मान्य नाही’ आणि ‘माणूस आपला आहे’ असे म्हणताच येत नाही का?

किल्ली टेबलावर ठेवली त्यानंतर पुढचे तीन रविवार आम्ही अभ्यासिकेत बसलो. आधी मी माफी मागितली, ग्रुपवर आणि समोरही. ग्रुपवर माफी मागितली तेव्हा ‘दलाल’ पदवी मिळाली. पुरुषाला एवढ्यावर सोडतात. बाई असल्याने मला चारित्र्याबद्दलही ऐकावे लागले, तेही प्रोफाइलवर पंचशील ध्वज लावलेल्या भावांकडून. सहाजण बसलो होतो, चार बौद्ध, दोन मातंग. नियम एकच: समोरच्याचे म्हणणे आधी आपण मांडायचे, तो ‘हो, हेच’ म्हणाला की मगच उत्तर द्यायचे.

मी दोनदा नापास झाले. मी म्हणाले, तुम्हाला जास्त जागा हव्यात. तो म्हणाला, “नाही ताई. आमच्या घरातलं पहिलं पोरगं तुमच्या घरातल्या तिसऱ्या पिढीशी एकाच यादीत का बसतं, एवढंच आम्ही विचारतो.” मी म्हणाले, तुम्हाला सरकारने फितवले आहे. तो म्हणाला, “म्हणजे आम्हाला स्वतःची अक्कल नाही?” तिसऱ्या वेळी जमले. मग त्याने माझे म्हणणे मांडले: “ताईचं म्हणणं, वाटे पाडण्याच्या नादात भाकरीच लहान होतेय.” त्याला ते पहिल्याच फटक्यात जमले, कारण त्याने आमच्या पोस्ट वर्षानुवर्षे वाचल्या होत्या. आम्ही त्यांचे काही वाचले नव्हते. मातंग समाजाच्या अभ्यासासाठी २००३ साली लहुजी साळवे यांच्या नावाने आयोग नेमला गेला होता, त्याच्या शिफारशी आम्हा चौघांपैकी एकानेही उघडून पाहिल्या नव्हत्या. मी समाजशास्त्राची एम.ए.! अनुसूचित जातींची जातनिहाय साक्षरता आणि शिक्षण जनगणनेत दर वेळी मोजले जाते. ते तक्ते मी पोस्ट लिहिण्याआधी काढायला हवे होते, नंतर काढले. शिक्षणातले अंतर तिथे स्पष्ट दिसते. ते दिसल्यावर ‘आधी आकडेवारी आणा’ हे म्हणताना माझा आवाज आपोआप खाली आला. नोकऱ्यांचे आकडे हवेतच, ही माझी मागणी कायम आहे. पण ती मागणी त्यांना थोपवायला वापरायची की त्यांच्याबरोबर मिळून सरकारकडे करायची, हे आता मला वेगवेगळे दिसते.

आमचे एकमत झालेले नाही. त्याला वर्गीकरण हवे आहे, मला आजच्या पद्धतीने नको आहे. सेवेतली जातनिहाय आकडेवारी जाहीर करा आणि रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, या दोन मागण्यांवर मात्र सहाही जणांच्या सह्या झाल्या आणि ते निवेदन तहसील कार्यालयात दिले. त्याचा फोटो टाकला, त्याला अकरा लाईक.

मी स्वतःपुरते काही पाळते आहे. जातीच्या संदर्भात ‘तुम्ही लोक’ लिहायचे नाही. रात्री दहानंतर उत्तर द्यायचे नाही. कोणाचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर न्यायचा नाही. आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याचे म्हणणे आधी पूर्ण द्यायचे. मनुवाद्यांना उत्तर देतानाही शेवटचा नियम पाळते. तिथे तर तो फार कामाला येतो, कारण त्यांचे म्हणणे पूर्ण छापले की निम्मे काम आपोआप होते.

वर्गीकरणाबद्दलचे माझे मत चुकीचे वाटत असेल त्यांनी जरूर लिहावे, विशेषतः मातंग, चर्मकार, ढोर, होलार, वाल्मिकी समाजातल्या मित्रमैत्रिणींनी. पूर्ण मजकूर इथेच छापेन आणि मग उत्तर देईन. आमचा सहकारी ग्रुपवर अजून परत आलेला नाही, येईन असेही म्हणालेला नाही. किल्ली मात्र त्याने पुन्हा घेतली आहे. भरतीची तारीख जवळ आली आहे, त्यामुळे सध्या अभ्यासिका पहाटे साडेचारला उघडते.

जय भीम.